सोनाबाईंची खुर्ची

“ही एक खुर्ची जास्तीची कुनाला?” मालनताईंनी उंबऱ्यातच विचारलं.

मी उत्तर पाठ करून ठेवलं होतं. पण त्यांच्या आवाजातली धार ऐकली आणि पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं. “आधी बसा ना,” एवढंच तोंडातून निघालं.

आबा सगळ्यांत आधी आत आले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवून बसले. त्यांच्याशेजारी त्यांचा मुलगा उत्तम. तिशीतला बाप्या, पण शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा अंगावर लोंबत होता. मधोमध मालनताई, त्याची थोरली बहीण. आणि उत्तमची बायको वैजयंता दाराजवळच्या खुर्चीच्या अगदी कडेला, कुणी ‘ऊठ’ म्हणायच्या आत उठता यावं अशा बेतानं.

उत्तमला घास गिळता येत नव्हता. पान समोर आलं की घसा आवळायचा, डोळे पांढरे व्हायचे. दुर्बीण घालून झाली, फोटो काढून झाले, सगळीकडून एकच उत्तर: घसा साफ आहे. शेवटी कुणीतरी त्यांना मिरजेला आमच्या विभागात पाठवलं. मी तिथं कुटुंबोपचाराच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षाला होते. एका माणसाच्या दुखण्याला सगळ्या घराला बोलावून बसवायचं, हे आमचं शास्त्र.

दुखणं सुरू झालं ते त्याची आई, सोनाबाई, गेल्यापासून. एका सकाळी बाई घरातल्या घरात गेल्या. तेव्हा घरात फक्त सून होती. छातीत जळजळतंय म्हणाल्या म्हणून सुनेनं ओवा आणि सोडा घातलेलं पाणी दिलं, आणि गाडी येईपर्यंत सगळं संपलं होतं. वैजयंतेला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. फक्त तिच्या हातचं अन्न तिच्या नवऱ्याच्या घशाखाली उतरेना. मालनताईंचं सासर गावातच. त्या डबा आणू लागल्या. त्यांच्या डब्यातले दोन-चार घास जायचे. मग वैजयंतेची चूल नुसती चहापुरती पेटू लागली. आणि मागच्या भेटीत पायात चपला सरकवता सरकवता मालनताईंनी मला सांगून टाकलं होतं, “ही आवस झाली की हिला म्हायेरी घालवतोय. पोरगी ऱ्हाईल आमच्याकडं.”

पोरगी चार वर्षांची होती. वैजयंता तेव्हा दाराआडच उभी होती. तिनं ते ऐकलं आणि पदराचं टोक तोंडात धरलं.

म्हणजे त्या दिवशी माझ्या हातून काही झालं नाही, तर एका बाईचं घर आणि लेकरू दोन्ही जाणार होतं. वर ती माझी परीक्षाही होती.

आमची ती खोली कशी होती ते सांगायला हवं. एका भिंतीला मोठी काच. आमच्या बाजूनं तो आरसा, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र सगळं दिसायचं. तिथं आमच्या इनामदार मॅडम बसायच्या, आणि माझ्या वर्गातला फिरोज मुल्ला. कोपऱ्यात एक फोन. मॅडमना काही सांगायचं असलं की तो वाजायचा. घरच्यांना हे सगळं आधीच सांगितलेलं असायचं. आबा पहिल्या दिवशी आरशाकडे बघून हात जोडून म्हणाले होते, “आत बसलेल्यास्नी बी नमस्कार.”

मॅडम म्हणजे मोजकं बोलणं. एक प्रश्न विचारायच्या, चष्मा काढायच्या आणि गप्प बसायच्या. समोरचा माणूस त्या शांततेत आपोआप उकलायचा. मला त्यांच्यासारखं व्हायचं होतं. पुस्तकांत एक आचार्य म्हणायचे, घरातल्यांच्या बसायच्या जागा बदला. दुसरे म्हणायचे, एकाच्या मनातलं दुसऱ्याला विचारा. तिसरे म्हणायचे, रुग्णालाच सांगा की दुखणं आणखी वाढवून दाखव. मला तिघंही पटायचे, आणि खोलीत पाऊल टाकलं की तिघंही पळून जायचे. उरायची ती मॅडमची नक्कल.

“शरयू,” फिरोज एकदा म्हणाला होता, “तू मॅडमसारखी चष्मा काढायला लागलीस. फक्त तुला चष्मा नाही, तेवढं बघ.”

मॅडमनी हेच वेगळ्या शब्दांत सांगितलं होतं. “तुझं वाचन चांगलं आहे. पण खोलीत मला तू दिसतच नाहीस. मी दिसते. तुझा स्वतःचा बाज कुठे आहे?”

बाज कुठून आणायचा? मी गुरवाची मुलगी. आमच्या गावच्या रामाच्या देवळात माझं लहानपण गेलं. उत्सवात बुवा उभे राहिले की मी तबलजीच्या मागं, खांबाला टेकून. मला अजूनही कीर्तनासारखं दुसरं सुख माहीत नाही. बुवांनी पूर्वरंगात कितीही गहन सांगितलं तरी मी वाट बघायची ती आख्यानाची. उपरणं डोक्यावरून घेतलं की बुवा कैकेयी व्हायचे, ते खांद्यावर टाकलं की दशरथ. एकटा माणूस सगळं राजघराणं उभं करायचा, आणि बाया हुंदके द्यायच्या. पण हे असलं काही वर्गात कुणाला सांगावं? मी ते गावीच ठेवून आले होते.

तर खुर्ची.

“ही खुर्ची सोनाबाईंची,” मी धीर करून म्हणाले. “त्या इथं बसल्यात असं समजायचं. ज्याला त्यांच्याशी बोलायचं राहून गेलंय त्यानं बोलायचं.”

कुणी हललं नाही. वर पंखा कुरकुरत होता.

“मेलेल्या मानसाला खुर्ची देत न्हाईत, पोरी,” आबा हळूच म्हणाले. “पान वाढत्यात.”

फोन वाजला. मी उचलला. “घाई करू नकोस,” मॅडम म्हणाल्या. “शांतता सोस.”

मी सोसू लागले. उत्तमची नजर जमिनीला खिळलेली. मालनताई खुर्चीकडे बघायचं टाळत होत्या. वैजयंता तर श्वाससुद्धा घेत नसावी. मॅडमच्या शांततेत माणसं उकलायची, माझ्या शांततेत ती गोठत चालली होती. हे असेच उठून जातील, आवस येईल, ती पोरगी आईविना राहील, आणि काचेपलीकडे माझ्या नावापुढं नापास लिहिलं जाईल. भीतीनं माणूस आपल्या जुन्या सवयीकडे पळतो. मी पळाले.

मी उठले आणि त्या खुर्चीत जाऊन बसले.

सोनाबाई कशा बोलायच्या हे मला आधीच्या भेटींत आबांनी हसत हसत करून दाखवलं होतं. मांडीवर थाप मारून बोलायच्या, प्रत्येक वाक्याला ‘बाबा’ जोडायच्या. मी ओढणी डोक्यावरून घेतली. मांडीवर थाप मारली.

“उत्तम्या, किती वाळलास रं बाबा!”

मला वाटलं होतं, उत्तम हसेल किंवा रडेल. देवळात तेच व्हायचं.

उत्तमच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, वासराच्या घशातून निघावा तसा. आबांची टोपी गुडघ्यावरून खाली पडली आणि ती न उचलता ते उभे राहिले. त्यांनी हात जोडले. माझ्यापुढं. मालनताई उठल्या, सरळ माझ्यापर्यंत आल्या, आपल्या कपाळाचं कुंकू बोटानं पुसून घेतलं आणि ते बोट माझ्या कपाळावर टेकवलं.

“आई,” त्या म्हणाल्या. “आलीस?”

या माणसांच्या लेखी मी सोंग घेतलं नव्हतं. माझ्या अंगात आलं होतं.

फोन वाजू लागला.

“फोन घिऊ नका,” मालनताई कुजबुजल्या. “वारं जाईल.”

मला उठायचं होतं, पण पाय जागचे हलेनात. समोर आरसा होता. त्यात डोक्यावरून ओढणी घेतलेली, कपाळावर कुंकू फासलेली एक बाई बसली होती, आणि तिच्याभोवती हात जोडलेली माणसं. क्षणभर मला ती ओळखू आली नाही. खरंच सांगते, मला त्या आरशातल्या बाईचीच भीती वाटली. मनातल्या मनात मी रामाला हाका मारू लागले. पण तेही चोरून, ओठ न हलवता. कारण ओठ हलले असते तर यांनी त्यातूनही सोनाबाईंचं काहीतरी ऐकलं असतं.

“आई, खरं सांग,” मालनताईंचा आवाज चढला. “हिनं तुला काय पाजलं?”

सगळी खोली वैजयंतेकडे वळली. ती भिंतीला चिकटली होती. मला वाटलं, आता ही ओरडून सांगेल की हे खोटं आहे, ही बाई ढोंगी आहे. पण ती खाली बसली. गुडघ्यांवर सरकत सरकत माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझे पाय धरले. तिची बोटं बर्फासारखी गार होती.

“आत्ती,” ती म्हणाली, “मी वव्याचं पानी दिलं. सोडा जास्ती पडला का वो माझ्या हातनं? तुमीच सांगा. मला काय बी कळंना झालंय. माझ्या हातनं झालं का?”

फोन वाजतच होता.

तिलाही खरं वाटत होतं. आणि तिलाही ठाऊक नव्हतं.

केवढं सोपं होतं! ‘तुझ्याकडून काही झालं नाही गं बाबा, माझं आयुष्य संपलं होतं.’ मांडीवर एक थाप मारून एवढंच म्हणायचं. मालनताईंची जीभ जन्मभरासाठी बंद. वैजयंता घरात, पोर आईजवळ, उत्तमचा घसा मोकळा, आणि मी पास. वाक्य माझ्या जिभेवर येऊन उभंसुद्धा राहिलं.

पण माझे पाय धरलेल्या त्या बाईनं मान वर केली. असं तोंड मी आमच्या देवळात पाहिलं होतं. गाभाऱ्यापुढं, आजारी लेकराला कवेत घेऊन उभ्या राहिलेल्या बाईचं. आमचे वडील अशा वेळी अंगारा द्यायचे, पण ‘बरं होईल’ असं कधी म्हणायचे नाहीत. ते म्हणणं आपलं नाही, असं सांगायचे. बुवा कैकेयी व्हायचे, पण कुणी कैकेयीला नवस बोलत नव्हतं. उपरणं खाली आलं की बुवा बुवाच असायचे. इथं मात्र या घराचा निकाल माझ्या तोंडातून निघणार होता, आणि तो एका मेलेल्या बाईच्या नावावर जमा होणार होता. मग उद्या काही वाकडं झालं की ते पुन्हा वारं आणायला येतील. उद्या दुसऱ्या कुणाच्या अंगात येईल, आणि ते वेगळंच काही सांगेल.

मी ओढणी खाली ओढली, कपाळाचं कुंकू पुसलं आणि म्हणाले, “मी सोनाबाई नाही. मी शरयू. मी नुसतं त्यांच्यासारखं बोलून दाखवलं.”

फोन थांबला.

मालनताई आबांकडे बघून समजुतीनं मान हलवू लागल्या. “वारं उतरलं की मानूस आसंच म्हनतंय. त्याला काय आठवत न्हाई.”

“ताई, माझ्या अंगात काही आलं नव्हतं.”

“आसंच म्हनत्यात, बाई. तुमचा दोष न्हाई.” त्यांनी माझं मनगट पकडलं. हात गिरणीवर पोती उचलणारा होता. त्यांनी मला ओढून पुन्हा खुर्चीत बसवलं. “आबा, म्होरं या. आजून हितंच हाय ती. ईचारून घ्या.”

आणि उत्तम गुदमरू लागला. तोंडात घास नाही, समोर पान नाही, तरी दोन्ही हात गळ्याला. चेहरा काळानिळा होत चाललेला. मी नाही म्हणत होते ते कुणाला ऐकूच येत नव्हतं. मी जितकं नाकारेन तितकं यांना ते खरं वाटणार होतं. अशी भीती मला आधी कधी वाटली नव्हती आणि त्यानंतरही वाटली नाही. मी एक दार उघडलं होतं आणि ते मला लावता येत नव्हतं.

“बरं,” मी ओरडलेच. “विचारा! फक्त सोनाबाईंनाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा. त्या इथं असल्या तर उत्तर येईल. ताई, तुम्ही आधी.”

मालनताईंनी डोळे बारीक केले. “माझ्या लग्नात,” त्या हळूहळू म्हणाल्या, “मी गाडीत बसताना तू माझ्या वटीत गुपचूप काय टाकलंस?”

मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “मला ठाऊक नाही.”

“आठव की.”

“मला ठाऊक नाही, ताई. तुम्हीच सांगा.”

त्यांचे ओठ हलले. माझ्या मनगटावरची पकड सैल झाली. “जायफळ,” त्या म्हणाल्या. “सासरी पोट दुखलं तर कुनाला मागू नगं, उगाळून घे, म्हनाली. मी रागावलेवते तिच्यावर. हाताला लागलं तवा वाटलं, सोन्याचं काय तरी आसंल. पुढं पैल्या बाळंतपनात त्येच कामाला आलं. मी तिला कधी सांगितलंच न्हाई.”

आणि एवढ्या रुबाबाच्या बाई मटकन माझ्यासमोर खाली बसल्या, वैजयंतेच्या शेजारी.

“आबा,” मी म्हणाले, “तुम्ही विचारा.”

आबांनी पडलेली टोपी उचलली, झटकली. “मी एकदा भांडून घर सोडून गेल्तो,” ते खुर्चीला म्हणाले. मला नव्हे, माझ्या मागच्या लाकडी पाठीला. “तवा तू मला हुडकाय कुठं कुठं फिरलीस?”

“मला ठाऊक नाही, आबा.”

“कुठंच न्हाई.” म्हातारा हसला आणि हसता हसता डोळे पुसू लागला. “घरात निवांत बसली. भूक लागली की येतोय, म्हनाली. आन् मी आलोच की भाकरीच्या येळंला. लई पक्की हुती.”

खोलीत काहीतरी बदललं होतं. कुणी आता माझ्याकडे हात जोडून बघत नव्हतं. उत्तमचा श्वास पुन्हा चालू झाला होता, पण हात अजून गळ्यावर होते. मी उठले, त्याच्यासमोर जमिनीवर बसले. या वेळी मनगट कुणी धरलं नाही.

“उत्तमदादा, तुम्हाला काही विचारायचंय त्यांना?”

मग तो बोलला. इतक्या भेटींत त्याचं असं आपणहून बोलणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

“त्या दिवशी सकाळी मी गिरनीवर निगालो,” तो म्हणाला. “फटफटी चालू केली. मागनं आईनं हाक मारली. मी ऐकली. ऐकून बी मागं वळलो न्हाई. उशीर झाल्ता. पुना एकदा हाक मारली तिनं. मी गेलो तसाच.” त्यानं माझ्याकडे बघितलं. “काय म्हनत हुती ती? दुखतंय म्हनत हुती का?”

कुणी हललं नाही.

मग मला कळलं की घास कुठं अडकला होता. बायकोच्या हाताशी त्याचा काही संबंध नव्हता. आणि त्याला तरी काय देऊ शकत होते मी? माझ्याजवळ एकच उत्तर होतं आणि ते मला त्याच्यापुढंही उच्चारायचं होतं.

“मला ठाऊक नाही, दादा.”

त्यानं मान खाली घातली.

“मला ठावं हाय,” वैजयंता म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती अजून जमिनीवरच होती. सवयीनं तिनं पदर सारखा केला.

“मी अंगनात भांडी घाशीत हुते. तुमी फाटक उघडं टाकून गेलासा. आत्ती म्हनत हुत्या, फाटक लाव, शिंद्यांची शेळी आत येतीया. दोनदा वरडल्या. तुमी थांबला न्हाईसा म्हनून तुमास्नी शिव्या दिल्या, आन् सोता जाऊन काठी घिऊन शेळी हाकलली. चांगल्या हुत्या तवा. दुखाय लागलं ते लई मागनं.”

“शेळी?” उत्तम म्हणाला.

“शेळी.”

“आली हुती शेळी,” आबा एकदम म्हणाले. “मेथीचा वाफा खाऊन गेली त्या दिवशी. मी तिसऱ्याच्या दिवशी बघितला.”

“आन् तू मला येवढे दीस सांगितलं न्हाईस?” उत्तमचा आवाज फुटला.

“कवा सांगू?” वैजयंतेच्या आवाजाला पहिल्यांदाच धार आली. “मी ताट घिऊन आले की तुमी गळा धरून उठताय. आईचं नाव काढलं की ताई उंबऱ्यात. मी म्हटलं, हेनी माझ्यावरच संशय घेत्यात. त्यात शेळीचं कुठं सांगत बसू?”

उत्तम हसला की रडला, मला अजून सांगता येत नाही. खांदे गदगदा हलत होते. “शेळी,” तो म्हणत होता, “आयला, शेळी.” हात मात्र गळ्यावरून खाली आले होते.

“पन ते पानी…” मालनताईंनी पुन्हा काढलंच. आता मात्र हळू.

“त्ये पानी ती रोजच प्यायची,” आबा म्हणाले. टोपी हातात पिळवटली जात होती. “जळजळतंय म्हनली की वव्याचं पानी. सोडा मीच आनून द्यायचो बाजारातनं.”

“मग आबा, बोलला का न्हाईसा?”

“भ्यालो, मालन. सोडा माझा हुता. म्हटलं, सुनंवरनं निघंल ते माझ्यावर ईल.”

मालनताईंनी वैजयंतेकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. मी म्हणाले, “ओव्याच्या पाण्यानं कुणी असं जात नाही, असं मला वाटतं. पण मी हृदयाची डॉक्टर नाही. वरच्या मजल्यावर आहेत. आपण सगळे मिळून जाऊन विचारू. चालेल?”

आबांनी मान डोलावली. आम्ही वर गेलो. तिथल्या डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि नीट समजावून सांगितलं की हा झटका होता, पाण्याशी त्याचा काही संबंध नाही. मालनताईंनी तेच दोनदा वदवून घेतलं. वैजयंता जिन्यात माझा हात धरून उतरली. हात अजून गार होता.

ते पुढं गेले आणि मी खोलीत परत आले. इनामदार मॅडम आत उभ्या होत्या. सत्र संपल्यावर त्या या बाजूला कधी येत नसत. फिरोज दारात होता, त्याचा चेहरा पांढराफटक.

“शरयू,” तो म्हणाला, “आम्हाला आतून तुझं तोंड दिसत होतं. मी पण दुआ मागायला लागलो.”

मॅडम हसल्या नाहीत. “फोन का नाही उचललास?”

“भीती वाटली.”

“मी काय सांगणार होते, ठाऊक आहे?”

मी नकारार्थी मान हलवली.

“त्याच आवाजात बोल, असं सांगणार होते. ते मानतायत तर त्याचा उपयोग करून घे आणि सुनेला सोडव.” त्या खिडकीशी गेल्या. “त्या खुर्चीत बसणं ही मोठी चूक होती, शरयू. हे मी लिहिणार आहे.”

“हो, मॅडम.”

“आणि त्यानंतर जे केलंस ते मी तुला शिकवलेलं नाही. हेही लिहिणार आहे.” मग त्या वळल्या. “‘मला ठाऊक नाही.’ किती वेळा म्हणालीस? मला इतक्या वर्षांत एकदाही म्हणता आलं नाही.”

मी खिडकीशी त्यांच्याशेजारी जाऊन उभी राहिले, टेकायला.

खाली आवारात, कडुनिंबाच्या पारावर ते चौघे बसले होते. परत जायला एसटीला वेळ असेल. मालनताईंनी डबा सोडला होता. त्यांनी भाकरी काढली, वाटीत आमटी ओतली आणि ती वाटी उत्तमपुढं ठेवता ठेवता मध्येच थांबल्या. मग वळून त्यांनी ती वैजयंतेच्या हातात दिली.

वैजयंता ती वाटी धरून तशीच बसून राहिली. मग तिनं वाटी त्याच्यापुढं केली.

उत्तमनं घास मोडला, बुडवला, तोंडात घातला. मी खिडकीचा गज धरला. तो चावत राहिला. चावतच राहिला. आबांनी दुसरीकडे तोंड फिरवलं. मालनताईंनी डब्याचं झाकण छातीशी धरलं होतं. उत्तमचा गळा एकदा वर झाला, खाली आला आणि त्याला मोठ्यानं ठसका लागला.

वैजयंतेचा हात हवेतच थांबला. तिची मान खाली गेली. मी डोळे मिटले.

“तिखट हाय,” उत्तमचा आवाज वर आला. खोकत खोकत. “लई तिखट करतीस, ताई.”

मी डोळे उघडले. त्याचे डोळे वाहत होते. तोंड रिकामं होतं. तो दुसरा घास मोडत होता.

“मग उद्यापास्नं तुझ्या बायकुच्या हातचं गीळ,” मालनताई फणकारल्या. “मी काय जल्मभर डबं वाहू व्हय तुझं?”